घरांतील झाडांचें आरोग्य : मलूल झालेलें आफ्रिकन व्हायोलेट

आमच्या धाकट्या सुनेनें माहेराहून आणलेलें आफ्रिकन व्हायोलेटचें झाड गेल्या श्रावणांत एकाएकीं मान टाकून बसलें. झाड तिच्या आईच्या हातचें, आणि आई आतां हयात नाहींत; त्यामुळें घरांतील सर्वांचाच जीव हळहळला व जो तो पाण्याचा तांब्या घेऊन धांवला. सकाळीं आमच्या कुटुंबानें पाणी घालावें, दुपारीं थोरल्या सुनेनें, सायंकाळीं शाळेंतून परतलेल्या नातवानें! तीन दिवसांत झाड अधिकच लोळलें. तेव्हां आम्हांस विचारणा झाली. कारण निवृत्त शिक्षकास सर्व विषय येतात, असा आमच्या घरांत एक समज आहे.

हें झाड नांवानें व्हायोलेट असलें तरी खऱ्या व्हायोलेटच्या कुळांतलें नव्हे. हल्लींच्या टांझानियांतील उसांबारा पर्वतांत इ. स. १८९२ मध्यें वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या जर्मन अधिकाऱ्यास तें आढळलें, आणि १८९३ मध्यें वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याच्या घराण्यावरून त्यास सेंटपॉलिया हें नांव दिलें. २०१५ पासून शास्त्रज्ञ त्याची गणना स्ट्रेप्टोकार्पसमध्यें करितात. पण नवें नांव पाठ करण्याचें आमचें वय आतां राहिलें नाहीं. ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, मूळ ठिकाणीं हें झाड सावलींतल्या शेवाळलेल्या खडकांवर, ओंजळभर मातींत वाढतें. त्याचीं मुळें बारीक असून त्यांस पाण्याइतकीच हवाही लागते.

सुरपालाच्या वृक्षायुर्वेदांत झाडांच्या रोगांचाही वात, पित्त व कफ यांवरून विचार केलेला आहे. म्लानता हें ज्वराप्रमाणें केवळ लक्षण. कारण निराळें शोधावें लागतें. कुंडी उचलून पाहावी. ती हलकी व माती कोरडी असेल, तर झाड खरोखरच तहानलेलें आहे; कुंडी कोमट पाण्याच्या ताटलींत अर्धा तास ठेवून नंतर निथळूं द्यावी. (गार पाणी पानांवर पडल्यास डाग उठतात.) परंतु माती ओली असूनही पानें लोंबत असतील, तर दोष नेमका उलट आहे. चिखलांत हवा न मिळाल्यानें मुळें कुजतात, कुजलेलीं मुळें पाणी ओढीत नाहींत, आणि झाड पाण्यांत बसून तहानेनें मरतें. पावसाळ्यांत माती लवकर वाळत नसल्यामुळें हें फार घडतें.

आम्ही झाड कुंडींतून काढलें. बहुतेक मुळें तपकिरी व मऊ झालीं होतीं. निरोगी मूळ पांढरें व टणक असतें. स्वच्छ पात्यानें कुजका भाग कापिला, खालचीं पिचलेलीं पानें काढिलीं, आणि दोन भाग कोकोपीट व एक भाग पर्लाइट अशा भुसभुशीत मिश्रणांत, तळाला भोंक असलेल्या लहानशा कुंडींत झाड लाविलें. मोठी कुंडी देण्याचा मोह टाळावा. झाडाच्या घेराच्या एकतृतीयांश रुंदीची पुरे. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालून कुंडी उन्हापासून दूर, पण उजेडांत ठेविली व खत मुळींच दिलें नाहीं. पिशवी रोज थोडा वेळ उघडावी, नाहीं तर बुरशी धरते.

त्याच वेळीं एक सावधगिरी घेतली, ती वाचकांनीं अवश्य घ्यावी. तीन निरोगी पानें इंचभर देठ ठेवून तिरपीं कापिलीं व त्याच ओलसर मिश्रणांत खोंचिलीं. हें केलें नसतें तर आम्हांस सुनेला तोंड दाखवितां आलें नसतें. कारण दुसऱ्याच आठवड्यांत झाडाचा गाभा काळा व लिबलिबीत झाला. गाभा कुजल्यावर झाड वांचत नाहीं. तिनें तें कांहीं न बोलतां परसांत पुरलें. पानांपैकीं एक सडलें. उरलेल्या दोहोंना महिन्याभरांत मुळें फुटलीं आणि कार्तिकांत देठांशीं पिटुकलीं रोपें दिसूं लागलीं. पानापासून झालेलें रोप बहुधा मूळ झाडाचेंच रूप घेतें, हें आम्ही तिला समजावून सांगितलें.

तीं रोपें सध्यां पूर्वेच्या खिडकींत आहेत. मातींत बोट घालून पाहण्याचा व पाणी देण्याचा अधिकार एकट्या धाकट्या सुनेचा; नातवाकडे कुंडी उचलून वजन सांगण्याचें काम दिलें आहे.