मध खाणारा, जाणणारा नव्हे

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाच्याने एक मजकूर पुढे ढकलला. रशियन ही संस्कृतचीच लेक, आणि पुरावा काय, तर रशियनमध्ये अस्वलाला म्हणतात 'मेद्वेद', म्हणजे मधु-वेद, मध जाणणारा! खाली अंगठ्यांची रांग. मला मात्र घाम फुटला. कारण हेच मी २००८ साली, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, दहावीच्या वर्गाला सांगितलं होतं. मेदवेदेव नुकतेच रशियाचे राष्ट्राध्यक्ष झाले होते. पोरं खूश, मीही खूश.

चुकलं होतं, मंडळी.

रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन या सगळ्यांची आई म्हणजे आद्य-स्लाव्हिक. तिच्यात लिहिलेलं काहीच हाती नाही. लेकींची तोंडं पाहून आईचा चेहरा काढावा, तसे अभ्यासक तिचे शब्द उभे करतात आणि आधी एक चांदणी काढतात: *मेद्वेदि. (शेवटची इ अगदी निसटती.) फोड आहे मेदु + एद. मेदु म्हणजे मध. एद म्हणजे खाणं, आपल्या 'अद्' धातूचं भावंड. उ-पुढे स्वर आला की त्याचा व होतो. अहो, मनु + अंतर = मन्वंतर! दरवर्षी फळ्यावर लिहायचे मी, आणि इथे मात्र दिसलं नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात मध खाणाऱ्या पक्ष्यांना 'मध्वद' म्हटलंय, तीच घडण. म्हणजे तो व वेदाचा नाहीच, मधाचाच आहे.

बोलणारेही ही फोड विसरले होते. युक्रेनियनमध्ये अक्षरं उलटून 'वेद्मिद' झालं, पोलिशमध्ये म-चा न झाला. शब्द पुल्लिंगी, आपल्या 'हरि'सारखा इकारान्त. पुढे रशियनमध्ये असे शब्द दुसऱ्या गटात गेले. जुना थाट पुल्लिंगात राखला तो एका 'पुत्' या शब्दाने. पुत् म्हणजे वाट, आपल्या पंथाचा नातलग. असो, व्याकरण सुरू झालं की मला थांबवावं लागतं.

संस्कृत ऋक्ष, ग्रीक आर्क्तोस, लॅटिन उर्सुस हे एकच जुनं नाव. स्लाव्ह लोकांनी ते टाकलं, बहुधा नाव घेतलं तर अस्वल येईल या भीतीने. आमच्या गावाकडे रात्री 'साप' म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात, तसंच!

संस्कृत आणि रशियन मायलेकी नाहीत, एकाच फार जुन्या घरातल्या दूरच्या बहिणी आहेत. यात संस्कृतचा काय अपमान? उलट आई म्हटलं की चौकशीच संपते. मग ती संधीही दिसत नाही आणि हरवलेलं ऋक्षही. भाच्याला हे लिहिलं, तर त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

२००८ च्या त्या वर्गातलं कुणी वाचत असेल, तर वहीत दुरुस्ती करून घ्या: विद् नव्हे, अद्.