खोक्यावर न छापलेला आकडा

चतुर्थी महिन्यावर आली की कणकवली-कुडाळपासून मालवण-देवगडपर्यंत सगळ्या गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. चाकरमानी मुंबईहून सर्व्हिसिंग करूनच निघतात आणि इकडची मंडळी पाहुण्यांना आणायला-सोडायला गाडी धडधाकट हवी म्हणून मेस्त्रीकडे जातात. ऑइल बदलायचे म्हटले की मेस्त्रीचा ठरलेला प्रश्न येतो, "फिल्टर कंपनीचा टाकू की बाहेरचा?" शंभर-सव्वाशेपासून चार-पाचशेपर्यंतचे तीन-चार डबे काउंटरवर येतात. दिसायला सगळे सारखे. गिऱ्हाईक खोक्याचा रंग, नाव आणि किंमत बघून एकावर बोट ठेवते.

आरोग्याच्या सदरात ऑइल फिल्टर कशाला, असे कोणी विचारील. एक तर गाळणे हा आम्हा डॉक्टरांचा रोजचा विषय आहे. मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, प्लीहा ही सगळी गाळण्यांचीच खाती. दुसरे कारण आपल्या जिल्ह्याचा नकाशा. हृदयविकाराचा किंवा डोक्याला मार लागलेला रुग्ण मालवणहून ओरोसला आणि तिथून पुष्कळदा बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला जातो. बांबोळी म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. 108 ची गाडी दुसऱ्या फेरीवर असेल तर शेजाऱ्याची गाडी काढावी लागते. त्या रात्री त्या गाडीच्या इंजिनाची तब्येत हा रुग्णाच्या तब्येतीचाच भाग असतो.

आता फिल्टरकडे येऊ. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये धातू आणि धातू यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी काही मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड, रक्तातली तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रॉनची. पापुद्र्याहून मोठा आणि कठीण कण आत घुसला की तो दोन्ही बाजूंनी ओरखडे काढत जातो. तेव्हा सगळ्यात जास्त झीज डोळ्यांना न दिसणाऱ्या, 5 ते 30 मायक्रॉनच्या कणांनी होते. बाजारातल्या सर्वसाधारण फिल्टरमधून तांबड्या पेशी खुशाल पार होतील, एवढी त्याची भोके मोठी असतात. त्यामुळे फिल्टर "अगदी बारीक गाळतो" असे दुकानदार सांगतो, तेव्हा किती बारीक, हे विचारायला हवे.

1988 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एका विभागातील अभियंत्याने डिझेल इंजिनाच्या तेलात मुद्दाम धूळ मिसळून वेगवेगळे फिल्टर लावून पाहिले. 40 मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत 30 मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्म्यावर आली आणि 15 मायक्रॉनच्या फिल्टरने सुमारे 70 टक्क्यांनी घटली. हा प्रयोग फिल्टर विकणाऱ्यांचा फार लाडका आहे. पण तेलात चमच्याने धूळ घातल्यावर जे दिसले, ते रोज बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीत तेवढ्याच प्रमाणात दिसेल असे नाही. औषधाच्या चाचण्या वाचतानाही आम्हाला हेच पथ्य पाळावे लागते. दिशा मात्र खरी आहे.

"20 मायक्रॉनचा फिल्टर" हे शब्द एकटे घेतले तर त्यांना काही अर्थ नाही. 20 मायक्रॉनचे निम्मे कण अडवणारा फिल्टरही स्वतःला 20 मायक्रॉनचा म्हणवतो आणि शंभरातले जवळजवळ 99 अडवणाराही तेच म्हणवतो. कणाचा आकार आणि अडवण्याची टक्केवारी असे दोन आकडे एकत्र लागतात. ही जोडी आपल्याला नवीन नाही. कोविडच्या काळात आठ वर्षांच्या पोरालाही एन-95 माहीत झाला होता. त्यातला 95 म्हणजे 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे किमान 95 टक्के कण अडवणारा. शोभेचा कापडी मास्क आणि एन-95 यांत फरक काय, हे त्या एका आकड्याने सगळ्यांना कळले.

ऑइल फिल्टरसाठीही अशी मोजणी आहे. आयएसओ 4548 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या बाराव्या भागात ती दिली आहे. ठरावीक मापाची चाचणीची धूळ तेलात सोडतात, ते तेल फिल्टरमधून पुनःपुन्हा फिरवतात आणि फिल्टरच्या आधी व नंतर कण यंत्राने मोजतात. फिल्टर किती बारीक कण धरतो आणि चोंदेपर्यंत किती ग्रॅम घाण पोटात ठेवतो, ही दोन्ही उत्तरे त्यातून मिळतात. म्हणजे मोजायचे कसे हे ठाऊक आहे आणि मोठे उत्पादक मोजतातही. आपल्याकडच्या खोक्यावर मात्र सहसा गाडीचे नाव, पार्ट नंबर, किंमत आणि एखादी चमकदार घोषणा एवढेच असते. दहा रुपयांच्या गोळ्यांच्या पाकिटावर आत कोणते औषध किती मिलिग्रॅम आहे हे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. लाखाच्या इंजिनाचे रक्त गाळणाऱ्या डब्याला ही सक्ती का नसावी? भारतीय मानक ब्युरो आणि रस्ते वाहतूक मंत्रालय यांनी मनावर घेतले तर खोक्यावर एक ओळ वाढेल: इतक्या मायक्रॉनचे इतके टक्के. माझी मागणी एवढीच आहे.

हा आकडा मिळत नाही म्हणून लोक दुसरे काहीतरी मोजत बसतात. जुने फिल्टर करवतीने कापून आतल्या कागदाच्या घड्या मोजणारे हौशी लोक हल्ली बरेच झाले आहेत. ज्याच्या घड्या जास्त तो फिल्टर चांगला. आमच्याकडे गोळी जितकी मोठी आणि सुई जितकी जाड तितके औषध जालीम, असे मानणारे रुग्ण येतात, त्यातलाच हा प्रकार. माझ्या ओळखीचे एक वयस्क मेस्त्री एका वाक्यात निकाल लावतात, "घडये मोजून काय कळणा नाय. कागद कसलो आसा, तां महत्त्वाचा." साधा सेल्युलोजचा कागद, त्यात कृत्रिम धागे मिसळलेला कागद आणि पूर्ण कृत्रिम धाग्यांची जाळी यांची गाळण्याची ताकद वेगवेगळी असते आणि ती नजरेने कळत नाही. कापून पाहिल्यावर गोंद सुटलेला, घड्या एकीकडे गोळा झालेल्या, पत्रा फाटका असे ढोबळ दोष दिसतात. तेवढ्यापुरता त्या करवतीचा उपयोग आहे.

कागदाइतकीच महत्त्वाची असते आडवाट. फिल्टर चोंदला किंवा तेल थंडीने घट्ट झाले, तर इंजिन तेलावाचून मरू नये म्हणून एक झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. घाण तेल परवडले, पण तेलच नाही हे परवडत नाही, असा तो हिशेब. शरीरातही असे होते. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी वाटेत फुप्फुसात अडकते, म्हणून मेंदू वाचतो. पण चारातल्या एका प्रौढ माणसाच्या हृदयात दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचे लहानसे छिद्र उरलेले असते आणि क्वचित गुठळी त्यातून फुप्फुसाला वळसा घालून मेंदूत पोचते. तरुण माणसाला अर्धांगवायू झाला की आम्ही हे छिद्र शोधतो. स्वस्त नकली फिल्टरमध्ये ही झडप ढिली असेल तर ती गरज नसताना उघडी राहते आणि उत्तम कागद आत असूनही तेल त्याच्या बाजूने निघून जाते.

काही गाड्यांत ही झडप फिल्टरमध्ये असते, काहींत इंजिनात. म्हणून आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नाही. रक्ताची पिशवीही कोणत्याही नळीला लागते. आम्ही तरी गट तपासल्याशिवाय लावत नाही. पार्ट नंबर म्हणजे गाडीचा रक्तगट समजा.

तेल काळे झाले म्हणून फिल्टरला दोष देणारे पुष्कळ भेटतात. विशेषतः डिझेलच्या गाडीचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. ती काजळी एका मायक्रॉनहूनही बारीक असते, फिल्टर ती धरणारच नाही आणि तेलातली रसायने तिला गोळा होऊ न देता तरंगत ठेवतात. म्हणजे तेल आपले काम करते आहे. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी झाली म्हणून कावीळ झाली म्हणत धावत येणाऱ्यांना मी जे सांगतो, तेच इथे लागू. फिल्टरला पाणी, पेट्रोलचा अंश आणि आम्ल हेही काढता येत नाही. मालवणच्या बाजारपेठेतून धुरीवाड्यापर्यंत आणि परत, एवढेच फिरणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही. दमट हवेतला ओलावा आत साठतो आणि लोण्यासारखा गाळ धरतो. अशा गाडीचे 10,000 किलोमीटर तीन वर्षांत होत नाहीत आणि मालक म्हणतो, अजून वेळ आहे. पुस्तिकेत "किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असेही छापलेले असते, ते वाचावे. महागडा फिल्टर तीन वर्षे ठेवण्यापेक्षा साधा पण अस्सल फिल्टर वेळेवर बदललेला बरा, हे माझे मत मी कोणत्याही मेस्त्रीसमोर मांडीन.

धुळीचेही तसेच. तेलात शिरणारी बाहेरची धूळ मुख्यतः हवेच्या वाटेने येते. चिरेखाणींच्या रस्त्यांवरचा तांबडा धुरळा किंवा कासार्डे भागातली सिलिका वाळू अडवायची ती एअर फिल्टरने. तो फाटका असेल तर ऑइल फिल्टरवर पैसे ओतून काय होणार? नाकातले केस आणि श्लेष्मल थर धूळ अडवतात म्हणून फुप्फुस टिकते. त्यांना चुकवून जाणारी चार-पाच मायक्रॉनखालची सिलिका वर्षानुवर्षे आत जात राहिली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. खाणीवर काम करणाऱ्याने गाडीच्या एअर फिल्टरची चौकशी जरूर करावी, पण त्याआधी स्वतःच्या मास्कची.

उरला जुना फिल्टर. काढलेल्या डब्यात काळे तेल उरलेलेच असते. जळलेल्या इंधनामुळे वापरलेल्या तेलात कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बन्स नव्या तेलाहून पुष्कळ जास्त असतात. कच्च्या, नीट शुद्ध न केलेल्या खनिज तेलांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे खात्रीच्या कर्करोगकारकांत टाकले आहे. इंग्लंडमधल्या सूतगिरण्यांत कपडे तेलाने भिजलेल्या कामगारांना कातडीचा कर्करोग व्हायचा, हा इतिहास वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात मेस्त्रींचे हात येतात. भेगा, काळ्या पुटकुळ्या, इसब. वर ते हात पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतलेले, म्हणजे कातडीचे उरलेसुरले संरक्षणही गेलेले. दोन रुपयांचे हातमोजे आणि साबण एवढ्याने निम्मे दुखणे टळेल. तेलाने भिजलेले फडके खिशात ठेवू नये, हे तर प्रत्येक गॅरेजात भिंतीवर लिहून ठेवावे.

वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे आणि 1 एप्रिल 2024 पासून ते परत गोळा करण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. मोठ्या सर्व्हिस सेंटरांत ते पिंपात साठते. रस्त्याकडेच्या छपरातल्या गॅरेजात मात्र डबा मागच्या गडग्याच्या पलीकडे जातो आणि पहिल्याच पावसात त्यातले तेल व्हाळाला लागते. व्हाळ खाडीला मिळतो. 1987 साली जाहीर झालेले आपले सागरी अभयारण्य त्याच पाण्याच्या तोंडावर आहे. ओहोटीला खाडीत बायका तिसऱ्या आणि कालवे काढतात. हे शिंपल्यातले जीव स्वतःच गाळण्या आहेत, तासाला कित्येक लिटर पाणी गाळून त्यातले अन्न खातात. पाण्यात तेल असेल तर तेही धरतात, आणि माशांना जमते तसे ती हायड्रोकार्बन्स मोडून बाहेर टाकणे त्यांना नीटसे जमत नाही. तिसऱ्यांची एकशिपी आपल्या ताटात येते, तेव्हा त्या खाडीत महिनाभर काय गाळले गेले, ते त्यांच्या मांसात असते. या तेलाचे पिंप प्रत्येक तालुक्याच्या गावात ठेवणे नगरपंचायतींना अवघड नाही. चतुर्थीपूर्वीच्या गर्दीत ते आठवड्यातच भरेल.