आधार, ओढ आणि उत्तरदायित्व

‘डिअर जिंदगी’ या २०१६ च्या चित्रपटात, गोव्यातील समुपदेशनाच्या अखेरच्या सत्रात नायिका आपल्या उपचारकालाच मनातील ओढ बोलून दाखवते. तो तिला हिणवत नाही आणि प्रतिसादही देत नाही. असे वाटणे स्वाभाविक आहे, एवढे सांगून निरोप घेतो. पडद्यावर काही मिनिटांत सुटलेला हा पेच मुंबई-पुण्यातील समुपदेशन कक्षांत मात्र महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. नैराश्याबद्दल शहरी मध्यमवर्ग आता बराच मोकळेपणाने बोलतो. समुपदेशकावरील भावनिक अवलंबित्वाबद्दल अजूनही कुजबुजच चालते.

वास्तविक हा प्रश्न मानसोपचारांइतकाच जुना. सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१५ मध्ये ‘ट्रान्सफरन्स’मधून उद्भवणाऱ्या प्रेमावर स्वतंत्र निबंध लिहिला. आई-वडील वा अन्य निकटवर्तीयांविषयीच्या जुन्या भावना रुग्ण नकळत उपचारकावर आरोपित करतो, ही त्यामागील संकल्पना. उपचारकाने या प्रेमाला प्रतिसाद देऊ नये आणि ते दडपूनही टाकू नये. त्याचा अर्थ उलगडणे हाच उपचाराचा भाग होय, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी उपचारकाची तुलना मुलाला निर्धास्तपणे जग धुंडाळू देणाऱ्या पालकाशी केली. म्हणजे जीव जडणे हा दोष नव्हे. मूल घराबाहेर पाऊल टाकायलाच तयार होईना, तर अडचण. साधा निर्णयही पुढील सत्रापर्यंत लांबणीवर टाकणे, मित्र-नातलगांशी बोलणे आटणे, समुपदेशक रजेवर गेला की हवालदिल होणे, ही तिची लक्षणे.

भारतात याला आणखी एक पदर आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-शिष्य नाते मानसोपचाराचा नमुना ठरू शकेल का, याची चर्चा केली. अवलंबित्वाला दुबळेपणा मानणारी पाश्चात्त्य दृष्टी इथल्या समाजाला जशीच्या तशी लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. तथापि, गुरूला उलट प्रश्न विचारायचा नसतो, हाही याच परंपरेचा संस्कार. ज्याच्यापुढे माणूस सारी गुपिते उघडी करतो, त्याच्या हाती अशी निर्विवाद सत्ता सोपविणे जोखमीचेच.

रुग्णाला ओढ वाटली, तर ती सांभाळून हाताळण्याची जबाबदारी सर्वस्वी उपचारकाची. ती त्याने पाळली नाही, तर दाद कुठे मागायची? मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय परिषदेला बांधील असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसतीच ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणाऱ्यांचे काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सेवेतील त्रुटींविरुद्ध तक्रारीचा हक्क दिला खरा, पण तो रुग्ण ठेवून घेणाऱ्या आस्थापनांपुरता. सदनिकेतल्या कक्षात आठवड्याला तासभर भेटणारा समुपदेशक त्यातून निसटतो. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांच्या नोंदणीची तरतूद आहे. मात्र तो राबवा, असे केंद्र व राज्यांना बजावण्याची वेळ २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर आली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता तर उपचार संपल्यानंतरही किमान दोन वर्षे माजी रुग्णाशी शरीरसंबंधांना मनाई करते.

पैशाचा विषयही टाळता येत नाही. शुल्क सत्रागणिक घेतले जाते. रुग्ण सावरून निघून गेला की उत्पन्न थांबते. बहुतेक समुपदेशक प्रामाणिकपणे काम करतात, पण अवलंबित्व लांबल्याने त्यांचे आर्थिक नुकसान होत नाही, हेही खरे. याउलट, ओढ लक्षात येताच बिचकून सत्रे तडकाफडकी बंद करणारा नवखा समुपदेशकही तितकाच घातक; पूर्वी कुणी तरी सोडून गेल्याची जखम घेऊन आलेल्या रुग्णाला तो तोच अनुभव पुन्हा देतो. निरोपाची तयारी काही सत्रे आधीपासून दोघांनी मिळून करावी, असा या क्षेत्रातील संकेत आहे. पहिल्याच भेटीत रुग्णाने ‘हे उपचार कधी आणि कसे संपतील?’ असे विचारले, तर समुपदेशकाला त्याचे उत्तर देता यायला हवे.