खोक्यावरचे नाव आणि बिलावरचे नाव

दसरा-दिवाळीच्या दिवसांत कोणत्याही गृहसंकुलाच्या फाटकाशी पाच मिनिटे उभे राहावे. वॉचमनच्या टेबलावर, टेबलाखाली, जिन्याच्या कडेला तपकिरी खोकी रचलेली दिसतात. कोणाची साडी, कोणाचा मिक्सर, कोणाच्या नातवाची सायकल. खोके उचलून नेणाऱ्याने विक्रेत्याला कधी पाहिलेले नसते, मालाला हात लावलेला नसतो आणि अलीकडे बहुधा पैसेही आधीच दिलेले असतात. हीच मंडळी मंडईत गेली की भेंडीचे टोक मोडून पाहिल्याशिवाय पावशेरही घेत नाहीत. मग न पाहिलेल्या दुकानदारावर एवढा विश्वास आला कोठून? आणि आलेला विश्वास सांभाळला जातो आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र फारसे सुखावह नाही.

मी बँकेत तीसेक वर्षे काढली. त्यातली सुरुवातीची काही इचलकरंजीच्या शाखेत, बिल्स खात्यात. यंत्रमागाचे कापड राजस्थानात पाली-बालोत्र्याकडे जाई. इथल्या कारखानदाराने तिथल्या व्यापाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसे. तो माल ट्रान्सपोर्टवाल्याकडे देई, बिल्टी घेई, तिच्यासोबत हुंडी जोडून आमच्या काउंटरवर आणून ठेवी. आम्ही ते कागद व्यापाऱ्याच्या गावच्या शाखेकडे पाठवायचो. व्यापाऱ्याने तिथे पैसे भरले की बिल्टी त्याच्या हातात पडे आणि बिल्टी दाखवली की गोदामातून गाठी सुटत. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसला तरी व्यवहार होई, कारण दोघांचा मधल्या माणसावर विश्वास असे. त्यातही एक खोच होती. बँक फक्त कागद तपासते, गाठीत कापड आहे की चिंध्या हे बँक पाहत नाही. ही खोच वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

घरगुती गिऱ्हाइकासाठी हेच काम पोस्ट करीत असे. व्ही. पी. पी. ची पद्धत आपल्याकडे १८७७ सालापासून आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके खेडोपाडीच्या मास्तरांच्या घरी पोचली ती या व्ही. पी. ने. पोस्टमन दारात येणार, पैसे मोजून घेणार, मग पाकीट देणार. याच व्ही. पी. ने ‘कोडे सोडवा आणि ट्रान्झिस्टर मिळवा’ अशा जाहिरातींना भुललेल्या कित्येकांच्या घरी दगड-माती भरलेली खोकीही पोचली. पैसे देईपर्यंत पुडके फोडता येत नसे, तेव्हा पोस्टमनवर रागावून उपयोग नव्हता.

आता बंगळूरकडे वळू. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुणांनी २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू केले ते पुस्तकांपासून. निवड हुशारीची होती. पुस्तक सगळीकडे सारखेच असते. त्याचे माप चुकत नाही, रंग उडत नाही आणि किमतही अशी की बुडाली तर माणूस हळहळेल, पण रडणार नाही. तरी गाडी अडली ती पैशापाशी. क्रेडिट कार्डे थोड्यांकडे होती आणि ज्यांच्याकडे होती तेही संगणकावर सोळा आकडे टाकायला धजत नव्हते. २०१० मध्ये कंपनीने माल दारात आल्यावर रोख पैसे घ्यायला सुरुवात केली आणि चित्र पालटले. २०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतात दुकान मांडले तेव्हा जगातल्या त्या बलाढ्य कंपनीलाही हीच रीत पत्करावी लागली.

यात एक गंमत आहे. जाहिरातवाले सांगतात की ब्रँडने विश्वास ‘निर्माण’ केला. प्रत्यक्षात कंपन्यांनी ग्राहकाला सांगितले, ‘आमच्यावर विश्वास ठेवूच नका, माल येऊ दे, मग पैसे द्या.’ अविश्वासाला मान दिला म्हणून विश्वास आला. हा सौदा स्वस्त नव्हता. रोकड गोळा करा, मोजा, भरणा करा आणि ऐनवेळी ‘नको’ म्हणणाऱ्याचा माल परत न्या. हा सारा खर्च कंपन्यांनी अंगावर घेतला. माल परत घेण्याची सोय ही दुसरी पायरी. दुकानात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या पिढीला ते नवलच होते. ‘आमची कोठेही शाखा नाही’ असे अभिमानाने लिहिणाऱ्या दुकानदारांनी या दोन पायऱ्यांकडे वेळीच लक्ष दिले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

या विश्वासाला पहिला मोठा तडा गेला तो २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये. ६ तारखेला फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ नावाची जंगी विक्री लावली. गर्दीने यंत्रणा कोलमडली, घेतलेल्या ऑर्डरी रद्द झाल्या, आधी वाढवून मग उतरवलेल्या किमती लोकांनी पकडल्या. दुसऱ्या दिवशी दोघा बन्सलांनी ग्राहकांना पत्र पाठवून माफी मागितली. त्याच महिन्यात मुंबईतल्या एका ग्राहकाला स्नॅपडीलवरून मागवलेल्या मोबाइलच्या खोक्यात भांडी घासायचा विम बार आणि विटेचा तुकडा मिळाला. स्नॅपडीलने पैसे परत केले. पण बाजी मारली ती विम बार बनवणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरने. त्यांचा यात काहीच दोष नव्हता, तरी त्यांनी त्या गृहस्थाला नवा मोबाइल पाठवून दिला. आपले नाव भलत्या खोक्यात सापडले तरी ते आपलेच नाव, हे त्या कंपनीला कळले. ब्रँड सांभाळणे म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

इथे मूळ प्रश्नाशी आपण येतो. खोक्यावर एक नाव असते आणि आतल्या बिलावर दुसरेच. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीला आपल्या देशात स्वतःचा माल साठवून ऑनलाइन थेट गिऱ्हाइकाला विकण्याची सर्वसाधारणपणे मुभा नाही. तिने फक्त बाजारपेठ चालवायची. २०१६ मध्ये हे नियम स्पष्ट झाले आणि २०१९ च्या फेब्रुवारीपासून ते आणखी कडक झाले. म्हणजे विकणारा कोणी सुरतेचा, कोणी दिल्लीचा आणि वर नाव मात्र त्या बड्या बाजारपेठेचे. आपण विश्वास ठेवतो तो खोक्यावरच्या नावावर. काही बिघडले की ते नाव म्हणते, ‘आम्ही केवळ मध्यस्थ.’ बिल्टी देणाऱ्या बँकेसारखे! फरक एवढाच की आम्ही बँकवाल्यांनी कधी ‘आमच्याकडचे कापड घ्या’ अशी पानभर जाहिरात केली नव्हती.

२०२२ चे कुकरचे प्रकरण पाहा. प्रेशर कुकरला भारतीय मानक ब्युरोचे, म्हणजे आय.एस.आय. चे चिन्ह बंधनकारक आहे. कुकर फुटला तर काय होते हे घरातल्या बायकांना सांगायला नको. असे चिन्ह नसलेले २,२६५ कुकर अॅमेझॉनवरून विकले गेल्याचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आढळले. ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने आदेश दिला : खरेदीदारांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि १ लाख रुपये दंड भरा. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरांबद्दल असाच आदेश आणि तेवढाच दंड झाला. अॅमेझॉन त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. या कुकरांच्या विक्रीतून कंपनीला मिळालेले शुल्क सहा लाखांच्या वर होते, असे त्या आदेशात आहे. बँकेतली सवय म्हणून मी भागाकार केला : कुकरमागे साधारण २७० रुपये. नुसत्या मध्यस्थीचे २७० रुपये मिळत असतील तर चिन्ह आहे की नाही एवढे पाहायला हरकत नसावी.

‘पण आम्ही तारे पाहूनच घेतो,’ असे आमच्या सूनबाई म्हणतात. वस्तूखाली चार-साडेचार तारे आणि हजारो अभिप्राय असतात. बँकेतही आम्ही अभिप्राय घेत असू. नवा कर्जदार आला की त्याच्या पेठेत जायचे, शेजारच्या व्यापाऱ्याकडे चहा प्यायचा आणि हळूच विचारायचे, ‘पार्टी कशी आहे?’ समोरचा दोन शब्द बोले, कधी नुसताच गप्प राही. त्या गप्प राहण्यालाही वजन असे, कारण बोलणाऱ्याचे स्वतःचे नाव पणाला लागलेले असे. ताऱ्यांमागे कोण आहे? खरा ग्राहक, विक्रेत्याचा मेहुणा, की पैसे घेऊन दिवसभर अभिप्राय लिहिणारा कोणी? सरकारलाही ही शंका आली. भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी खास मानक काढले, त्याचा क्रमांक आय.एस. १९०००. अभिप्राय देणाऱ्याची खातरजमा कशी करावी, ते कसे प्रसिद्ध करावेत, हे त्यात आहे. मात्र ते ऐच्छिक म्हणून आले, तेव्हा तारे पाहावेत, पण एक-दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिले आहे ते आधी वाचावे. नाराज माणूस तपशील देतो. भाडोत्री माणूस नुसता ‘छान’ म्हणतो.

हल्ली या धंद्यात ग्राहकाला ‘गुंतवून ठेवणे’ असा शब्द चालतो. आमच्या वेळी बँकेत गुंतवायचे ते पैसे. आता गुंतवायचा असतो माणूसच. रात्री साडेदहाला मोबाइल सांगतो की तुमची टोपली तुमची वाट पाहते आहे. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी घाई केली जाते, न मागितलेली वस्तू किंवा वर्गणी टोपलीत टाकली जाते, पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर नवेच शुल्क उगवते. सभासद व्हायला एक कळ पुरते, सभासदत्व सोडायला सात पाने हिंडावी लागतात. या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारने अशा १३ प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. गल्लीतला वाणीही गिऱ्हाइकाला गुंतवतोच. त्याच्या उधारीच्या वहीत निम्मी आळी गुंतलेली असते. पण तो रात्री साडेदहाला दार वाजवीत नाही.

सगळ्यात मला खटकते ती गोष्ट रोखीची. ज्या सोयीने हा बाजार उभा राहिला, तिच्यावरच आता ‘हाताळणी शुल्क’ वगैरे नावांनी जादा आकार लागतो, अशा तक्रारी सरकारकडे गेल्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी या तक्रारींची चौकशी सुरू झाल्याचे जाहीर केले. कंपन्यांची बाजू मला कळते, रोकड महाग पडते. यूपीआय आल्यापासून ज्यांना जमते ते आपणहून आधी पैसे देतातच. पण ज्यांना जमत नाही ते कोण? एकट्या राहणाऱ्या आजी, ओ.टी.पी. ला घाबरणारे निवृत्त शिक्षक, एकदा फसल्यामुळे हात पोळलेली माणसे. ज्यांना अविश्वासाचे सर्वांत अधिक कारण आहे, त्यांनाच अविश्वासाचा दंड.

विश्वास दुसऱ्या रीतीनेही मिळवता येतो, हे आपल्या कोकणाने दाखवले आहे. देवगड हापूसच्या नावाखाली कुठकुठचा आंबा विकला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पेटीवर नाव छापायला कोणाला अडवणार? देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा, एकदा काढला की पुन्हा न चिकटणारा स्टिकर लावायची योजना आणली. ग्राहकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि आंबा कोणत्या बागायतदाराचा, कोणत्या गावचा ते पाहायचे. म्हणजे पेटीच्या नावापाशी न थांबता फळाच्या मालकापर्यंत पोचायचे. स्टिकर चिकटवायला मजुरी पडते, वेळ जातो, आणि उत्पादकांना ते जड जाणारच. तरी ज्याचे नाव तोच मालाला जबाबदार, ही साधी गोष्ट त्यात आहे.

तेवढी जबाबदारी बड्या बाजारपेठांवर कायद्यानेही बऱ्याच अंशी टाकली आहे, फक्त आपण ती मागत नाही. २०२० च्या जुलैत आलेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवणे आवश्यक आहे. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकालात काढायची. आमच्या घरी एका कंपनीकडून आलेल्या मिक्सरचे भांडे तडकलेले निघाले, तेव्हा पत्नी तीन दिवस संगणकातल्या यंत्रमानवाशी गोड बोलत होती. चौथ्या दिवशी त्या अधिकाऱ्याच्या नावे, नियमाचा उल्लेख करून चार ओळींचे इंग्रजी पत्र गेले. भांडे सहाव्या दिवशी आले. कंपनीच्या मदतीचा क्रमांक शोधताना मात्र गुगलवर पहिला दिसेल तो फिरवू नये. तिथेही भामटे बसलेले असतात. क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यावा. तेवढ्याने भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणि त्याहीपुढे जायचे ठरले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. जुन्या, १९८६ च्या कायद्यात सामान्यतः कंपनी जिथे असेल किंवा वादाचे कारण जिथे घडले असेल तिथे धावावे लागे. आता साताऱ्याचा ग्राहक साताऱ्याच्याच जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो, मग विक्रेता गुरगावचा का असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही. लागतो तो कागद. तेव्हा दिवाळीची खोकी रद्दीत देण्याआधी आतले बिल काढून ठेवा, आणि त्यावर तळाशी बारीक अक्षरांत जे दुसरे नाव आहे, ते चष्मा लावून वाचून घ्या.