गृहचर्चा : चार दिवसांची पर्णकुटी

शाळांस सुटी लागण्याचा सुमार आला म्हणजे घरोघरीं "यंदा कोठें जावयाचें?" हा प्रश्न निघतो. पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. कोणी आजोळीं जात, कोणी कोंकणांत उतरत, कोणी पंढरपूर-गाणगापूर करून येत. हल्लीं त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. पुण्याच्या पश्चिमेस पानशेत, मुळशी व पवना या धरणांच्या कांठीं आणि मावळांतील शेतांतून लहान लहान लांकडी खोल्या व कौलारू झोपड्या उभ्या राहिल्या असून त्या दोन-चार दिवसांच्या बोलीनें भाड्यानें मिळतात. कोणी त्यांस कॉटेज म्हणतात, कोणी केबिन म्हणतात. तरुण मंडळींस त्यांचें मोठें आकर्षण वाटतें. वडील मंडळींस मात्र ऐसपैस घर सोडून दहा-बारा फुटांच्या खोलींत जाऊन राहण्यांत काय सुख आहे, हें उमगत नाहीं. एका बाजूस उत्साह व दुसऱ्या बाजूस कुरकुर, असा जो पक्षभेद यावरून घरांत होतो, त्याचा कांहीं निकाल लागावा म्हणून हा विषय आज घेतला आहे.

प्रथम वडील मंडळींस एक गोष्ट सांगावयाची ती ही, कीं कुटींत राहणें हें या प्रांतास नवें नाहीं. कार्ल्याच्या व भाज्याच्या डोंगरांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेलीं जीं लेणीं आहेत, त्यांतील विहार म्हणजे तरी काय? एक माणूस निजेल एवढी दगडी खोली व तींत एक दगडी ओटा. पावसाळ्याचे महिने हिंडणें बंद करून भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें, असा त्यांचा नियम होता व त्यासाठीं त्यांना एवढी जागा पुरत असे. शेजारचा कार्ल्याचा चैत्य पाहून मान वर होते, आणि विहारांतील त्या चिमुकल्या खोल्या पाहून ती आपोआप खालीं येते. मोठें काम करणाऱ्यांस स्वतःसाठीं किती थोडी जागा लागत होती, हें तेथें न बोलतां कळतें.

पुणें शहरापुरतें बोलावयाचें तर झोपडीची आठवण आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस फार कडू होती. १८९७ सालीं शहरांत प्लेगनें कहर केला. त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें निवर्तल्या, आणि घरोघर शिरून झालेल्या तपासण्यांच्या जुलमाचा शेवट २२ जूनच्या रात्रीं रँडवरील गोळीबारांत झाला. पुढें कित्येक वर्षें ही साथ फिरून फिरून येई. उंदीर पडूं लागले कीं लोक वाड्यांस कुलुपें घालून शहराबाहेर माळावर झोपड्या बांधून राहात. चौसोपी वाड्यांत वावरलेल्या बायका कुडाच्या आडोशाला चूल मांडीत. त्या वेळीं झोपडी म्हणजे विरंगुळा नव्हता. मृत्यूच्या आणि माणसांच्या मध्यें उभें केलेलें तें एक तट्ट्याचें दार होतें.

पण त्याच काळांतील एका झोपडीची कथा निराळी आहे. अण्णासाहेब कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत विधवांसाठीं आश्रम काढला. प्लेगच्या भयामुळें व शहरांतील विरोधामुळें तेथें राहणें कठीण झालें, तेव्हां रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्यास सहा एकर जमीन दिली, व १९०० सालीं आश्रम तेथील एका साध्या झोपडींत गेला. अण्णासाहेब त्या वेळीं फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. दिवसाचें शिकवणें संपलें कीं ते शहरापासून सुमारें चार मैलांची वाट, पावसाळ्यांत चिखल तुडवीत, पायीं चालून हिंगण्यास जात. आज त्या ठिकाणीं स्त्रीशिक्षणाची केवढी मोठी संस्था उभी आहे हें वाचकांस सांगावयास नको. परंतु ती झोपडीही तेथें जतन करून ठेविली आहे. पुण्याजवळ कुटींत राहावयास निघालेल्या प्रत्येक कुटुंबानें जातां जातां मुलांस ती झोपडी दाखवावी, अशी माझी सूचना आहे. पुस्तकांतील दहा पानांनीं जें होणार नाहीं, तें ती पाहून होईल.

आतां तरुण मंडळींकडे वळतों. जागा कशी निवडावी, याविषयीं हल्लीं चित्रें पाहून निर्णय करण्याची रीत पडली आहे. चित्रांत तळें निळें दिसतें, झोपडी सोनेरी दिसते, आणि मंडळी पैसे भरून मोकळी होतात. याहून जुनी व चांगली कसोटी वाल्मीकींनीं अरण्यकांडांत देऊन ठेविली आहे. पंचवटीस पोंचल्यावर श्रीराम लक्ष्मणास जागा शोधावयास सांगतात. त्यांच्या बोलण्याचा आशय असा, कीं जेथें वैदेही रमेल, तूं रमशील आणि मी रमेन, जेथें जवळच जलाशय असेल, जेथें वन व पाणी दोन्हीं रमणीय असतील, आणि समिधा, फुलें, दर्भ हीं हातापाशीं मिळतील, अशी जागा पाहा. या क्रमाकडे वाचकांनीं नीट लक्ष द्यावें. सीतेचें नांव प्रथम आलें आहे. पाणी दुसरें आलें आहे. सौंदर्य तिसरें आलें आहे, आणि नित्याच्या सोयी शेवटीं आल्या आहेत, पण वगळलेल्या नाहींत. आमच्या चालू योजनांत हा क्रम उलटा होतो. सौंदर्य प्रथम येतें, आणि वैदेहीस विचारावयाचें बहुधा राहून जातें.

याचें एक उदाहरण आमच्याच आळींतील आहे. अकरा माणसांचें एक एकत्र कुटुंब दोन वर्षांपूर्वीं धरणाच्या कांठीं तीन दिवस राहून आलें. जागेस "स्वयंपाकाची स्वतंत्र सोय" होती, व पुरुषांस तो मोठाच लाभ वाटला. घरचें अन्न मिळेल, खर्चही वांचेल, असा त्यांचा हिशोब होता. परिणाम असा झाला, कीं दोन सुना दोन शेगड्यांपुढें उभ्या राहिल्या त्या तीन दिवस उभ्याच राहिल्या. सकाळचा चहा संपतो तों न्याहारी, न्याहारी उरकते तों दुपारचें जेवण, भांडीं घांसून होतात तों मुलें भिजून भुकेलीं परत. घरीं परतल्यावर थोरल्या सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "घरीं निदान ओटा तरी मोठा आहे." दुसऱ्या वर्षीं स्वयंपाकाची सोय टाळली, पण खोल्या टेकडीवर होत्या व शंभराहून अधिक पायऱ्या होत्या, म्हणून आजींस शेजारणीच्या भरंवशावर घरीं ठेवून मंडळी गेलीं. आजी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त निघतांना सर्वांच्या हातावर दहीं घातलें आणि दार लावून घेतलें.

या दोन्हीं वेळीं कोणाच्याही मनांत दुष्टावा नव्हता, हें मी मुद्दाम सांगतों. चूक मनाची नव्हती, योजनेची होती. ज्या विश्रांतींत घरांतील एक माणूस राबतें व एक माणूस मागें राहतें, ती कुटुंबाची विश्रांति नव्हे. ती कांहीं जणांची सहल होय, आणि तिचें भाडें दुसऱ्या कोणीं तरी भरलेलें असतें. यंदा त्या घरीं मुक्कामाचें ठिकाण आजी व दोन सुना या तिघींनीं ठरवावें असें ठरलें. त्यांनीं तळें पाहिलें नाहीं, चित्रें पाहिलीं नाहींत. एका शेतकऱ्याच्या मळ्यांतील जमिनीलगतच्या तीन खोल्या पसंत केल्या, जेथें शेतकऱ्याच्या घरचीं माणसें पिठलें-भाकरी रांधून वाढतात व त्याचे पैसे घेतात. आपल्या राज्यांत २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण जाहीर झालें असून अशा मळ्यांतील मुक्कामांस आतां अधिकृत स्थान मिळालें आहे. तेथें दिलेला पैसा गांवांत राहतो, हाही एक लाभ लहान नाहीं.

ऋतूचा विचार यानंतर. पुणें शहरांत वर्षाकाठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यास, अवघ्या ६५ किलोमीटरांवर, तो चार हजारांच्याही वर जातो. घाटमाथ्याकडे सरकावें तसा पाऊस वाढतो, हें ध्यानांत न घेतां शहरांतील रिमझिमीच्या अनुमानानें निघालेलीं कुटुंबें फसतात. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याजवळ भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं, हें अजून सर्वांच्या स्मरणांत आहे. डोंगरांत वर पडलेला पाऊस खालीं उभ्या असलेल्या माणसास दिसत नाहीं. तो एकदम येतो. यास्तव मुलेंबाळें व वृद्ध बरोबर असतां आषाढ-श्रावणांत ओढ्याकांठचा मुक्काम घेऊंच नये. उलट वैशाखांत धरणांचें पाणी आटून मागें सरतें, कांठीं चिखल व भेगा उरतात, आणि पत्र्याच्या छपराखालची लांकडी खोली दुपारीं भट्टीसारखी तापते. उत्तम काळ म्हणजे दिवाळीपासून माघापर्यंतचा. उन्हाळ्यांतच जाणें भाग असेल तर सिंहगडासारखी उंच जागा पाहावी. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर आहे. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत तेथील आपल्या बंगल्यांत जाऊन राहात, तें उगाच नव्हे. गडाच्या पायथ्याशीं मुक्काम करून पहांटे वर जावें, देवटाक्याचें पाणी पाहावें, १६७० सालीं तानाजी मालुसरे पडले ती जागा व १७०० सालीं गडावर देह ठेवलेल्या राजाराम महाराजांची समाधि मुलांस दाखवावी, आणि ऊन चढण्यापूर्वीं उतरावें.

आगाऊ पैसे देण्यापूर्वीं घरांतील एका जबाबदार माणसानें मालकाशीं बोलून कांहीं गोष्टी निश्चित कराव्या. भाडें माणशीं आहे कीं खोलीचें? शनिवार-रविवारचा दर व इतर वारांचा दर यांत अंतर किती? बेत मोडल्यास रक्कम परत मिळते कीं नाहीं? शौचगृह खोलीस लागून आहे कीं अंगण ओलांडून? खोलीपर्यंत पायऱ्या किती? पिण्याचें पाणी कोठून येतें? वीज गेल्यास काय व्यवस्था? जवळचा डॉक्टर किती अंतरावर? जुन्नर-आंबेगांवकडे जावयाचें असेल तर बिबट्याविषयीं अवश्य विचारावें. तिकडील उसांत त्याचा वावर आहे, व रात्रीं मुलांस एकटें अंगणांत सोडूं नये. हे प्रश्न कागदावर लिहून घ्यावे. विचारण्यांत संकोच मानूं नये. जो मालक या प्रश्नांनीं त्रासतो, त्याचें उत्तर त्या त्रासांतच मिळालें असें समजावें.

शेवटीं पाण्याविषयीं एक शब्द. या धरणांच्या कांठीं बसून संध्याकाळीं जें पाणी आपण सुंदर म्हणून पाहतों, त्यास इतिहास आहे. मुळशीच्या जलाशयाखालीं मावळ्यांचीं गांवें व भातखाचरें गेलीं आहेत. तीं जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं तेथें सत्याग्रह झाला, व त्यांतूनच पांडुरंग महादेव बापट यांस लोकांनीं सेनापति ही पदवी दिली. पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, तेव्हां मुठेच्या कांठचें अर्धें पुणें उघड्यावर आलें; पुढें धरण पुनः बांधलें गेलें व आज त्याचेंच पाणी आपण पितों. घरांतील वृद्धांपैकीं कोणीं तो पूर डोळ्यांनीं पाहिला असेल, तर त्यांस तेथें कांठावर बसवून मुलांस ती हकीकत सांगावयास लावावी. लहान खोलीचा खरा उपयोग हाच आहे. मोठ्या घरांत प्रत्येकाची खोली निराळी व प्रत्येकाचा दिवा निराळा. कुटींत एकच दिवा असतो, म्हणून सर्वांस त्याच्याभोंवतीं बसावें लागतें.

तेव्हां बेत अवश्य करावा, पण सर्वांचा करावा. खोल्या किती घेतल्या हें मोजण्यापूर्वीं माणसें किती निघालीं हें मोजावें, आणि परत आल्यावर मुक्काम कसा झाला हें मुलांस विचारूं नये; मुलें सर्वत्रच रमतात. तें घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस व सर्वांत कामसू सुनेस विचारावें. त्या दोघींनीं "पुढच्या वर्षीं पुनः जाऊं" असें म्हटलें, तर खर्च झालेला पैसा सत्कारणीं लागला असें खुशाल समजावें.