ग्राउंडची भीती म्हणजे हिंमत नसणं नव्हे



एरंडोलला पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी तुम्ही रोज पाहता. बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करतात, आणि त्यांत आपल्या वस्तीतली कितीतरी असतात. मी नर्स होते तेव्हापासून भरतीच्या दिवसांत एकच तक्रार ऐकते आहे. ‘ताई, रोज पळते तेव्हा काही होत नाही. ग्राउंडच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, पोट बिघडतं, पाय कापतात.’ घरचे म्हणतात, ‘हिंमतच नाही तिच्यात.’ हे बोलणं चुकीचं आहे, आणि त्याने नुकसान होतं.

परीक्षेचा क्षण आला की शरीर स्वतःला तयार करतं. छाती धडधडते, श्वास वर-वर होतो, तळहातांना घाम येतो, स्नायू ताठ होतात. ही तयारी थोडी असेल तर पळायला मदतच करते. जास्त झाली की सुरुवातीलाच दम निघून जातो. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण त्या एका धावेचे. वर्षभराची मेहनत काही मिनिटांत मोजली जाते. मग भीती वाटणारच.

मोठ्या खेळाडूंनाही वाटते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे वैयक्तिक पदक. स्पर्धेनंतर स्वप्नीलने सांगितलं, की पोटात कालवाकालव होती, सकाळी काही खाल्लं नव्हतं, छाती जोरात धडधडत होती. त्याने फक्त श्वास ताब्यात ठेवला आणि वेगळं काही करायला गेला नाही. म्हणजे भीती त्यालाही होती, पण भीतीसोबत काम कसं करायचं याचा सराव होता.

हा सराव शिकवण्याचं शास्त्र आहे, त्याला क्रीडा मानसशास्त्र म्हणतात. आपल्या शेजारच्या नाशिकचे भीष्मराज बाम हे पोलीस अधिकारी होते. त्यांनी पुढे अनेक नामवंत खेळाडूंना हेच शिकवलं. आपल्या मुलांना असा माणूस कुठून मिळणार? पण त्यातलं मूळ काम घरी बिनपैशाने करता येतं.

रोज दहा मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावं. विहारात आनापान करणाऱ्यांना हे नवीन नाही. ग्राउंडवर नंबर येण्याआधी श्वास सावकाश आत घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. डोळे मिटून सुरुवातीची रेघ, शिट्टी, पहिली फेरी, शेवटची फेरी मनात पळून पाहावी. ‘भरती व्हायचंच’ हे डोक्यात घोळवण्यापेक्षा ‘पहिली फेरी ठरलेल्या वेगाने’ एवढंच धरावं, कारण निकाल आपल्या हातात नसतो, वेग असतो. रोजचे बूट, रोजचं खाणं, रोजचा वॉर्मअप तोच ठेवावा. त्या दिवशी काहीच नवीन करू नये.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. रक्त कमी असलेल्या मुलीला ‘मन खंबीर कर’ म्हणणं हा अन्याय आहे. आधी हिमोग्लोबिन तपासा, पोटभर जेवण द्या, झोप होऊ द्या. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडली, तर ते भीतीवर ढकलू नका, डॉक्टरकडे न्या.

आणि आपल्या मुलांच्या खांद्यावर एक जादा ओझं असतं. ‘तुला काय, कोटा आहे’ हा टोमणा त्यांना मैदानातही ऐकावा लागतो. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू हे हिंदू संघाचे मोठे गोलंदाज. पुण्यात त्यांना खेळायला सोबत घेत, चहा मात्र बाहेर वेगळ्या भांड्यात देत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण म्हणून त्यांनी मैदानात सोसलेलं खोटं ठरत नाही. ‘त्यांनी सोसलं, तूही सोस’ असं मुलांना सांगू नका. श्वासाने धडधड कमी होते, अपमान पुसला जात नाही. टोमणे मारणाऱ्याला चारचौघांत जाब विचारणं आणि गरज पडली तर लेखी तक्रार करणं, हे आपलं मोठ्यांचं काम आहे.

ग्राउंडवरून परतलेल्या लेकराला पहिल्यांदा ‘किती मार्क पडले?’ विचारू नका. आधी पाणी द्या, जेवू घाला. अपयशानंतर मूल गप्प झालं, आठवडे झोपेना, जेवेना किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

विहाराच्या ओट्यावर आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांसाठी ठेवू या. तिथे बसून मनातली भीती मोठ्याने सांगता आली, तरी ग्राउंडवर पाय हलके पडतील.