डॅन्यूबवरील पंगत आणि पेहराव

पासाऊ ते बुडापेस्ट असा डॅन्यूब नदीवरचा आठवडाभराचा जलप्रवास हल्ली पुण्या-मुंबईकडील पुष्कळ निवृत्त मंडळींच्या आवाक्यात आला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्या घरातून असा प्रवास ठरतो त्या घरात सहा महिने आधीपासून जी चर्चा चालते ती ऐकली, म्हणजे या आनंदाला एक धास्ती कशी ग्रासून असते ते ध्यानात येते. तेथे घालायचे काय, आणि त्या लोकांत बसायचे-बोलायचे कसे, या दोन प्रश्नांभोवती सारे घर घोटाळत असते. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे मी मुळीच मानत नाही. अंगावरील वस्त्राविषयी आणि तोंडून निघणाऱ्या शब्दाविषयी ज्याच्या मनात संकोच आहे, त्याला समोरून वाहणारी नदीदेखील धड दिसत नाही. माझा वाद आहे तो या प्रश्नांना आपल्याकडे जी उत्तरे सर्रास दिली जातात त्यांच्याशी.

पूर्वपक्ष प्रथम त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडतो. परदेशी जहाजावर रात्रीच्या भोजनास पुरुषाने सूट, टाय आणि काळे बूट, व स्त्रीने पाश्चात्त्य पद्धतीचा पोशाख केलाच पाहिजे, नाहीपेक्षा आपले आणि आपल्या देशाचे हसे होते, असे हा पक्ष म्हणतो. हे म्हणणे निराधार नाही. पी. अँड ओ. कंपनीच्या ज्या आगबोटींतून आपले बॅरिस्टर, सनदी नोकर आणि विद्यार्थी मुंबईच्या धक्क्यावरून विलायतेस जात, त्या आगबोटींच्या वरच्या वर्गात भोजनापूर्वी वस्त्रे बदलण्याचा शिरस्ता खरोखरच कडक होता, आणि माणसाचा दर्जा त्याच्या तिकिटाइतकाच त्याच्या कोटावरून जोखला जाई. त्या शिरस्त्याची आठवण घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टींतून आपल्यापर्यंत आली. शिवाय समुद्रावरच्या आजच्या मोठ्या जहाजांतही आठवड्यातील एखाददुसरी संध्याकाळ औपचारिक पोशाखासाठी राखून ठेवतात. तेव्हा पूर्वपक्षाने जे सांगितले ते समुद्रापुरते खरे आहे. चूक एवढीच, आणि ती लहान नाही, की समुद्राचा कायदा त्याने नदीला लावला.

नदीवरच्या जहाजाचे मोजमाप नदीने आणि तिच्यावरील बांधकामांनी ठरविलेले असते. उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंतचा सलग जलमार्ग १९९२ साली मेन आणि डॅन्यूब या नद्यांना जोडणारा १७१ किलोमीटरांचा कालवा पुरा झाला तेव्हा खुला झाला. या मार्गावर जहाजाला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढविणारी-उतरविणारी जी दारबंद कुंडे आहेत, ज्यांना तेथे आणि आता आपल्याकडेही लॉक म्हणतात, त्यांपैकी मेन नदीवरच्या व कालव्यावरच्या कुंडांची रुंदी १२ मीटर आहे. म्हणून त्यांतून जाणाऱ्या जहाजाची रुंदी सुमारे ११.४ मीटरांच्या पुढे जाऊ शकत नाही. रात्री खिडकी उघडली तर ओली भिंत हाताला लागेल इतकी जवळ असते. लांबी बहुधा ११० ते १३५ मीटर. पूल इतके ठेंगणे, की त्यांखालून जाताना वरच्या डेकवरील कठडे आणि छत्र्या आडव्या पाडतात व सुकाणूची खोलीसुद्धा खाली उतरवितात. अशा या लांबट, चिंचोळ्या घरात दीड-पावणेदोनशे माणसे राहतात. त्यांना बैठकीचे दालन एकच आणि भोजनाचेही मुख्य दालन एकच. येथे वरचा वर्ग आणि खालचा वर्ग असा भेद पंक्तीत पाळायला जागाच नाही. ज्या दर्जाच्या प्रदर्शनासाठी तो आगबोटीवरचा पोशाख जन्मास आला, तो दर्जाच जेथे मांडता येत नाही, तेथे त्याचा गणवेश कशासाठी न्यायचा?

आणि नेला तर ठेवायचा कोठे? खोली साधारण पंधरा चौरस मीटरांची, कपाट हातभर रुंदीचे. आगीच्या भयास्तव खोलीत इस्त्री वापरण्यास बहुधा मज्जाव. एवढ्यावरही ज्यांचे समाधान होत नाही त्यांनी २०१८ आणि २०२२ सालचे उन्हाळे आठवावेत. पावसाने दगा दिल्यामुळे ऱ्हाइन आणि डॅन्यूब या दोन्ही नद्यांचे पाणी इतके उतरले, की २०२२ साली सर्बियातील प्राहोवो गावापाशी दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जर्मन युद्धनौकांचे सांगाडे उघडे पडले. पाणी असे उतरले म्हणजे जहाज अडते, आणि प्रवाशांना आपापले सामान आवरून मोटारीने पुढच्या टप्प्यावरील दुसऱ्या जहाजात जावे लागते. तीन सुटांची जड बॅग तेथे प्रतिष्ठेचे साधन राहत नाही.

जहाजावरच्या माहितीपत्रकात संध्याकाळच्या पोशाखासाठी 'स्मार्ट कॅज्युअल' अशी एक संज्ञा असते आणि तिचा अर्थ लावण्यात आपली मंडळी उगाच शिणतात. अर्थ सरळ आहे. पुरुषाने स्वच्छ सदरा आणि पायघोळ विजार घालावी, टायची गरज नाही. स्त्रीने ज्या पोशाखात आपण एखाद्या स्नेह्याच्या घरी संध्याकाळी जेवायला जाऊ, तो करावा. कॅप्टनच्या स्वागतसमारंभाला व शेवटच्या रात्रीच्या निरोपाच्या भोजनाला त्यातल्या त्यात ठेवणीतले नेसावे अथवा घालावे, की झाले.

या पूर्वपक्षाचे एक पोटकलम मात्र मला अधिक जिव्हारी लागते. आमच्या थोरल्या वहिनी साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. त्यांना घेऊन आम्ही निघालो तेव्हा प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीने पाठविलेल्या सूचनापत्रकात 'महिलांनी शक्यतो पारंपरिक पोशाख टाळावा' असे एक वाक्य होते. वहिनींनी ते वर्गातल्या नियमासारखे पाळले. जन्मभर साडीत वावरलेल्या बाईने सत्तरीच्या उंबरठ्यावर बाजारातून चार विजारी आणि दोन कोट आणले, आणि जहाजावरच्या पहिल्या दोन संध्याकाळी त्या कोटाची टोके ओढीत, ताटाकडे पाहत, मुक्याने जेवल्या. मला त्या सूचनापत्रकाचा तेव्हा जो संताप आला तो अजून गेलेला नाही. माणसाला त्याच्या स्वतःच्या देहात परका करणारी सूचना सोयीच्या नावाखाली देण्याचा अधिकार कोणाला आहे?

महाराष्ट्राने तर या प्रश्नाचा निकाल एकोणिसाव्या शतकातच लावून ठेवला आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांनी साडी सोडली नाही. तेथील थंडी आणि तेथील मर्यादेच्या कल्पना ध्यानात घेऊन नऊवारीऐवजी सर्वांग झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्यांनी स्वीकारली. बदल केला तो हवेला पाहून, लाजेला भिऊन नव्हे. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातील १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: साडीतील आनंदीबाई, शेजारी जपानी किमोनोतील केई ओकामी आणि सीरियन पोशाखातील सबात इस्लामबूली. तिघीही परक्या देशात वैद्यक शिकायला आलेल्या, आणि तिघीही आपापल्या वस्त्रांत. ज्या मुलुखातून आनंदीबाई गेल्या त्या मुलुखाच्या लेकीला आज साडी लपवायला सांगणे ही पीछेहाट आहे.

परंतु आनंदीबाईंचा दाखला घ्यायचा तर तो पुरा घेतला पाहिजे, म्हणजे त्यांचा विवेकही घेतला पाहिजे. धक्क्यावर जागा कमी असली की दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून बांधतात आणि एका जहाजातून दुसऱ्यात, उंबरे ओलांडीत, किनारा गाठावा लागतो. उतरण्याची फळी पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी सपाट तर कधी चढाची असते. रेगेन्सबुर्ग, पासाऊ, ड्यूर्नश्टाइन या जुन्या गावांच्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत आणि त्यांवर घोळदार निऱ्या व उंच टाचा दोन्ही घातक ठरतात. म्हणून दिवसा हिंडताना सलवार-कमीज किंवा विजार, अथवा साडीच हवी तर घोट्याच्या वर नेसलेली, पदर पिनांनी पक्का केलेला, आणि पायात रबरी तळव्याचे बूट, हेच शहाणपणाचे. वाखाउच्या खोऱ्यातून, म्हणजे मेल्क ते क्रेम्स हा जो सुमारे ३६ किलोमीटरांचा द्राक्षमळ्यांचा आणि जर्दाळूच्या बागांचा टापू आहे त्यातून, जहाज जाते तेव्हा सारा वेळ वरच्या डेकवर उभे राहावेसे वाटते; तेथे एप्रिलात आणि ऑक्टोबरात वारा हाडांत शिरतो. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घातलेली तीन पातळ वस्त्रे तेथे अधिक उपयोगी पडतात.

सूट-टायच्या त्या पूर्वपक्षाची प्रतिक्रिया म्हणून एक दुसरा पक्ष निघाला आहे. आम्ही पैसे मोजले आहेत, आम्हांला वाटेल ते घालू, असे तो म्हणतो. आणि मग सकाळच्या फराळाला गाउन, भोजनाला अर्धी चड्डी व स्नानगृहातल्या सपाता घालून येतो. या पक्षाचे खंडन थोडक्यात होते. समुद्रावरच्या हजारो प्रवाशांच्या जहाजात असा माणूस गर्दीत विरून जाईल. येथे तेच दीडशे चेहरे दिवसातून तीन वेळा, सात दिवस, समोरासमोर बसायचे आहेत. ही वाड्यातली वस्ती आहे. वाड्यातल्या चौकात येताना आपण अंगावर नीटनेटके काही घेऊन येतो ते शेजाऱ्याच्या नजरेचा मान राखण्यासाठी. तेथे भाडे कोणी किती भरले याचा हिशेब निघत नाही.

आता बसण्या-बोलण्याविषयी. येथे प्रतिपक्ष सर्वांत प्रबळ आहे, कारण तो स्नेहाच्या भाषेत बोलतो. आपण आपले एकत्र बसावे, आपले शाकाहारी ताट एकत्र मागवावे, इंग्रजी-जर्मनचा त्रास नको, दमलेल्या जिवाला मराठीत बोलावेसे वाटते, यात गैर काय? गैर काही नाही; सकाळचा चहा आणि फराळ आपल्या माणसांत घ्यावा हे मलाही हवे असते. परंतु नदीवरच्या जहाजात बहुधा कोणाची जागा ठरलेली नसते, जो येईल त्याने रिकाम्या खुर्चीवर बसावे असा प्रघात असतो. आणि त्या प्रघातातच या प्रवासाचे अर्धे धन साठविलेले आहे. बाराजणांनी पर्शी ठेवून दोन टेबले सात दिवस अडवून ठेवली, म्हणजे उरलेल्यांना ती भिंत वाटते, आणि भिंतीआडची मंडळीही जशी आली तशीच परत जातात. माझे म्हणणे असे, की रात्रीच्या भोजनाला रोज टेबल बदलावे, चौघे असाल तर दोघा-दोघांनी विभागून बसावे, आणि रिकाम्या खुर्चीमागे उभे राहून 'येथे बसू का?' एवढे विचारावे. शाकाहाराची वर्दी पहिल्याच दिवशी दिली की ताट कोणत्याही टेबलावर येते. मद्य घेत नसल्यास संकोच नको; सफरचंदाचा रस आणि सोडा यांचे मिश्रण, ज्याला जर्मन लोक आप्फेलशोर्ले म्हणतात, ते पेल्यात घेऊन उभे राहावे; मात्र पेला भिडविताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे, कारण नजर चुकविणे तिकडे असभ्य मानतात. ऑस्ट्रियात दुकानात शिरताना 'ग्र्यूस गोट' म्हणावे. पगार, वय, मूलबाळ का नाही, हे आपले जिव्हाळ्याचे प्रश्न तेथे पहिल्या भेटीत विचारू नयेत. गाव, नदी, हातचे काम यांविषयी विचारावे. खोली आवरणाऱ्या मुलीला तिच्या नावाने हाक मारावी. शेवटच्या दिवशीची बक्षिसी त्या हाकेची जागा घेऊ शकत नाही.

किनाऱ्यावर वाटाड्याचा आवाज कानातल्या यंत्रातून येत असतो, तेव्हा आपण आपापसांत मोठ्याने बोलू नये. बुडापेस्टमध्ये संसदेच्या इमारतीजवळ नदीच्या अगदी काठावर लोखंडी पादत्राणांचे ६० जोड मांडलेले आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात अ‍ॅरो क्रॉस या पक्षाच्या लोकांनी ज्या ज्यूंना काठावर उभे करून, पादत्राणे काढायला लावून, गोळ्या घालून नदीत ढकलले, त्यांचे ते २००५ साली उभारलेले स्मारक आहे. तेथे एका प्रवाशाने त्या लोखंडी बुटात पाय घालून छायाचित्र काढविताना मी पाहिले आणि मान खाली घातली.

भाषा येत नाही, मग परक्यांशी बोलायचे तरी काय, हा शेवटचा आक्षेप उरतो. तिसऱ्या संध्याकाळी वहिनींनी तो कोट कपाटात ठेवला आणि नारायणपेठी साडी नेसून त्या भोजनाला आल्या. साडीचे कोणी विशेष कौतुक केले नाही, आणि मला तेच बरे वाटले. आम्ही ज्या टेबलावर बसलो तेथे एक वृद्ध बाई होत्या. राहणाऱ्या जर्मनीत, पण जन्मलेल्या रोमेनियात, डॅन्यूबकाठच्या ओर्शोवा गावी. वहिनींनी आपल्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांना विचारले, 'तुमचे गाव नदीच्या कोणत्या तीरावर?' बाई म्हणाल्या, 'आता नदीच्या खाली.' लोहद्वार नावाच्या घळीत रोमेनिया आणि युगोस्लाव्हिया या देशांनी मिळून जे धरण बांधले, ते १९७२ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यात जुने ओर्शोवा गेले, आणि त्याच्याजवळचे अदा काले हे तटबंदीचे, मशिदीचे, तुर्की वस्तीचे बेटही गेले. वहिनींनी हातातला काटा खाली ठेवला. त्यांचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले; त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना धरणाचे पाणी चढू लागले आणि घराची कौले बैलगाडीत घालून त्यांचे वडील निघाले, हे त्यांनी आम्हां घरच्यांनाही कधी एवढे सविस्तर सांगितले नव्हते.

पुढे वाढप्याने ताटे नेली, दिवे मंदावले, लॉकच्या भिंतीला जहाज घासल्याचा आवाज दोनदा आला, तरी त्या दोघी उठल्या नाहीत. बाईंनी कागदी रुमालावर ते बेट काढले: तट येथे, मशीद येथे, आत्याचे घर येथे. वहिनींनी त्याच रुमालाच्या उरलेल्या अर्ध्यावर कोयना काढली. निरोपाच्या रात्री तो रुमाल बाईंनी घडी करून वहिनींच्या हातात ठेवला, आणि आता तो साताऱ्याला, शाळेतून निवृत्त होताना वहिनींनी घरी आणलेल्या जुन्या नकाशासंग्रहात, युरोपच्या पानावर आहे.